डाव्या हातावरचा रकाना

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत भारतातून करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. 1834 ते 1920 या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं या बेटावर उतरली, आणि उतरलेल्या माणसाची एक ओळ वहीत चढली. क्रमांक, जहाज, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची. शिवाय खुणांचा एक रकाना. कपाळावर व्रण, डाव्या डोळ्यात फूल, तोंडावर देवीचे वण, उजव्या पायाचं बोट तुटलेलं. पाच पिढ्यांमागच्या माणसाबद्दल घरात काही उरलेलं नसतं, नावसुद्धा धड ठाऊक नसतं, पण त्याच्या गुडघ्यावर कुठं जखम होती ते सरकारला माहीत असतं.

माझ्या खापरपणजीच्या ओळीत खुणांच्या रकान्यात एवढंच आहे की डावा हात गोंदलेला. त्या नोंदीचं मी पुढे काय केलं, ते लिहिते आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी मराठीत का लिहिते आहे ते कळेल. मी मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका गावातली. आमचे पूर्वज रत्नागिरीकडचे, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाजानं इकडे. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली भाषा बोलतात, बातम्या फ्रेंचमध्ये ऐकतात, सरकारी कागद इंग्रजीत असतात, आणि मराठी देवघरात, आरतीत आणि शाळेच्या मराठीच्या तासाला. माझी मराठी खरी सुटली ती मुंबईत, जे. जे.मध्ये चित्रकला शिकताना. तिथे मला सगळे विचारायचे, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” आणि मी ‘रत्नागिरी’ म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, “रत्नागिरीत कुठं?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्यात कोणाकडेच नव्हतं.

वहीतल्या ओळीचा उतारा मिळवायला आपण त्या माणसाचे वंशज आहोत हे कागदानं दाखवावं लागतं. स्वतःच्या जन्मदाखल्यापासून मागे चालत जायचं. वडिलांचा दाखला, आजोबांचा, पणजोबांचा. जन्म, लग्न, मृत्यू. हे दाखले देणाऱ्या खात्याला इकडे एता सिव्हिल म्हणतात. यात वेळ गेला, कारण नावं दर पिढीला वेगळी. बोटीवरून उतरलेल्या माणसानं आपलं नाव सांगितलं, कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव होऊन बसलं. म्हणून मॉरिशसमध्ये मराठी माणसांची आडनावं पुष्कळदा कोणातरी पूर्वजाचं पाळण्यातलं नाव असतं. आमचंही तसंच. पणजोबांच्या दाखल्यात मात्र आईच्या नावापुढे क्रमांक होता, आणि एकदा क्रमांक सापडला की मोक्यातली माणसं फार मदत करतात. वही निघाली, ओळ निघाली.

वय 19. उंची 4 फूट 10 इंच. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव इंग्रजीत असं काही उतरलंय की तीन वेगवेगळी गावं त्यात बसतात. आणि डावा हात गोंदलेला.

ती आली 1850च्या दशकात. मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली त्यानंतर, 1860च्या दशकात. 1867च्या कायद्यानं करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं भाग पडलं. ते नसलं तर भटक्या म्हणून धरत. तिच्या पुढच्या तुकड्यांचे फोटो आज मोक्यात बघायला मिळतात. छातीशी क्रमांकाची पाटी, डोळे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. तिचा तसा फोटो मला सापडला नाही. म्हणजे तिच्या अंगाबद्दल जगात जे काही लिहून ठेवलेलं आहे, ते उंची आणि गोंदलेला हात, इतकंच.

कारकुनानं ते लिहिलं कशासाठी, हेही उघड आहे. उसाच्या मळ्यावरून माणूस पळाला तर ओळखता यावा. पुरुष मजुराला महिन्याला 5 रुपये पगार आणि वर शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला इकडे अजूनही ‘डबल कट’ म्हणतात. अशा व्यवस्थेत हातावर काय गोंदलंय याच्याशी कारकुनाला देणंघेणं नव्हतं. काहीतरी आहे, एवढं त्याला पुरलं.

मला पुरत नव्हतं.

मी तोवर चित्रं काढत होते, शरीर वापरून काम केलेलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांचं काम मात्र डोक्यात होतं. आना मेंडिएटा ही कलावंत 1961 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बहिणीबरोबर क्यूबातून अमेरिकेत पाठवली गेली. आई-बाप मागे राहिले. पुढे 1973 ते 1980 या काळात तिनं आयोवा आणि मेक्सिकोत मातीवर, गवतावर, वाळूत आपल्या अंगाची आकृती उमटवली. कधी स्वतः आडवी पडून, कधी नुसता आकार खणून. दुसऱ्या भारतीय कलावंत पुष्पमाला एन. त्यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीबरोबर 2000 ते 2004मध्ये जी मालिका केली, तिच्यात वसाहतीच्या काळातल्या मोजमापी फोटोंची नक्कल आहे. मागे चौकटीचा पडदा, पुढे मोजायला ठेवलेली बाई, आणि ती बाई म्हणजे स्वतः पुष्पमाला. तो पडदाही खराच. 1869 साली लॅम्प्री नावाच्या इंग्रजानं दोन-दोन इंचांच्या चौकोनांची दोऱ्याची जाळी सुचवली होती, तिच्यापुढे माणूस उभा केला की फोटोवरून मोजता येतो.

नक्कल करायचा मोह मलाही झाला. 4 फूट 10 इंचांवर रेघ मारायची, तिच्यापुढे उभं राहायचं, छातीशी पाटी धरायची. पण ते मला सोपं वाटलं. अशा फोटोत बघणाऱ्याला लगेच कळतं की कोणाची बाजू घ्यायची आहे. बाजू घेऊन तो पुढच्या चित्राकडे जातो.

आप्रवासी घाटाचंही तेच. पोर्ट लुईच्या बंदरावर मजूर उतरवून घ्यायला 1849मध्ये बांधलेला हा तळ, 2006पासून जागतिक वारसा. तिथल्या 16 पायऱ्या चढून माणसं आत आली. दर वर्षी 2 नोव्हेंबरला त्या पायऱ्यांवर फुलं वाहतात, भाषणं होतात, कोणी ना कोणी नाचतं. पहिली 36 माणसं घेऊन ‘अॅटलास’ जहाज 1834मध्ये त्याच तारखेला बंदरात लागलं होतं. मीही ती पायरी चढले आहे, आणि माझ्याही पोटात कालवलं आहे. पण त्या पायऱ्यांवर आता इतक्या जणांच्या भावना साचल्या आहेत की नव्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं.

सगळ्यांचा सल्ला एकच होता. तुळस काढ. मराठी बाई, कोकणातली, डावा हात, तुळशीवृंदावनच असणार. मुंबईतल्या एका जुन्या मैत्रिणीनं तर नमुनाही पाठवला. हातावर तुळस गोंदवून घ्यायची, तिचा फोटो, शेजारी उतारा. काम झालं, कागदावर तर फारच सुबक दिसलं असतं.

मी रत्नागिरीला गेले. वहीतल्या नावात बसणाऱ्या गावांपैकी एक संगमेश्वर तालुक्यात निघालं. तिथेच ती जन्मली असा माझा दावा नाही. गोंदलेले हात बघायचे, एवढ्याच हेतूनं मी गेले होते. असे हात आता फक्त म्हाताऱ्यांचे उरलेत. मधल्या पिढीनं गोंदणं बंद केलं, आणि आताची पोरं टॅटू काढतात, ते वेगळं.

जिच्या ओसरीवर मी जास्तीत जास्त वेळ बसले त्या आजींनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “आयशीन हात मोकला ठेवलान तुजा?” माझ्या आईच्या वतीनं मला उत्तर देता येईना. मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. मनगटाच्या वर हिरवट निळं काहीतरी. कडा फुटून रंग आत पसरलेला. मी विचारलं, काय आहे हे? त्यांनी बराच वेळ हाताकडे पाहिलं. “आता मलाबी नाय वलखत,” असं म्हणून त्या हसल्या. शेजारच्या घरातल्या बाईच्या हातावर भावाचं नाव होतं. तिसरीच्या हातावर विंचू, तोही उलटा, नांगी कोपराकडे. एकीच्या हातावर नुसते पाच ठिपके. चार कडेला आणि एक मध्ये. त्याचा अर्थ विचारला तर, “अर्थ कसला? गोंदणारीण आली, सगळ्या पोरींनी हात पुढं केले, माझ्या वाट्याला हे आलं.” तुळसही होती. एकीच्या हातावर, तीसुद्धा तिनं नंतर जत्रेत मशीनवर काढून घेतलेली.

गोंदण्याची रीत सगळ्यांनी जवळपास सारखी सांगितली. दिव्याची काजळी धरायची, तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, टोचत जायचं, रक्त पुसायचं. हात दोघींनी धरून ठेवायचा. रडलीस तर सासरी काय करशील, म्हणून ओरडायचं. आणि सगळ्यांनी शेवटी एकच गोष्ट सांगितली, की बाई मेली की अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं.

परतताना विमानात मी ठरवलं की तुळस काढायची नाही. विंचू नाही, ठिपके नाहीत, काहीच काढायचं नाही. तिच्या हातावर काय होतं हे मला माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. मी ओसरीवर पाहिलेल्या हातांत एकासारखा दुसरा नव्हता. मी तुळस काढली असती तर कारकुनानं अर्धवट सोडलेलं काम मी अंदाजानं भरून टाकलं असतं. आणि ती माझ्या अंगावर कायमची बसली असती, तिच्या नावानं.

म्हणून रकानाच घ्यायचा. वहीतला तो चौकोन, पण रिकामा, त्याच मापाचा, माझ्या डाव्या हातावर. कोपर आणि मनगटाच्या मध्ये.

तो कसा उमटवायचा हे उन्हानं ठरवलं. 1970 साली डेनिस ओपनहाइम हा अमेरिकी कलावंत छातीवर उघडं पुस्तक ठेवून न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर पाच तास पडून राहिला होता. पुस्तकाखालची कातडी गोरी राहिली, बाकीची लालभडक भाजली. ते दोन फोटो मी विद्यार्थीदशेत पाहिले होते आणि तेव्हाच मनात आलं होतं की हा खेळ गोऱ्या कातडीचा. आमची कातडी सहसा तशी भाजत नाही, रापते. आणि रापणं म्हणजे काय हे ज्यांच्या चार पिढ्या उसात गेल्या त्यांना सांगावं लागत नाही. आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यांत मुलीचा रंग आजही निघतो, आणि ‘उसातली’ हा शब्द चांगल्या अर्थानं वापरत नाहीत. माझी आई आयुष्यभर छत्री घेऊन फिरली.

तेव्हा हात उसात न्यायचा आणि रकान्याएवढी जागा झाकून बाकीचा हात रापू द्यायचा.

यातलं शास्त्र मला आवडलं. ऊन लागलं की कातडीच्या वरच्या थरात मेलॅनिन तयार होतं. खरा रंग दोन-तीन दिवसांनी चढतो. तो थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो, म्हणून रापलेला रंग उतरतो. गोंदणाची काजळी त्याच्याही खालच्या थरात जाते. तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात. एक पेशी मेली की तिच्यातली काजळी दुसरी उचलते. म्हणून ती जात नाही, फक्त हळूहळू पसरते, त्या आजींच्या हातावर पसरली होती तशी. तिचं होतं ते न पुसणारं, माझं असणार होतं पुसलं जाणारं. मला ते बरोबर वाटलं. माझ्याकडे तिची जेवढी माहिती आहे, त्याला एवढंच टिकाऊपण शोभतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन आले. त्यांना कला वगैरेत रस नव्हता, पण रोज थोडं थोडं ऊन घे, दुपारचं टाळ, हात लाल झाला किंवा चुरचुरला की थांब, आणि चेहऱ्याला, मानेला क्रीम लाव, असं त्यांनी बजावलं. मॉरिशसचा उन्हाळा त्यासाठी वापरता आला नसता. तेव्हा इथलं ऊन अघोरी असतं. पण ऊसतोड असते जून ते डिसेंबर, म्हणजे आमच्या हिवाळ्यापासून पुढे. पश्चिमेला तेव्हा आभाळ बहुतेक मोकळं. मावसभावाचं थोडं उसाचं शेत आहे. मोठ्या मळ्यांवर आता यंत्रं आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी ऊस जाऊन बंगले उभे राहतायत. पण लहान शेतकऱ्यांचा ऊस अजून हातानं तोडतात.

झाकायला आधी चिकटपट्टी वापरली, दवाखान्यात मिळते ती पांढरी. घामानं तिच्या कडा सुटल्या आणि खालची कातडी खाजायला लागली. मग काळ्या सुती कापडाचा पट्टा शिवला आणि हाताला बांधला. हा खाजत नव्हता, पण हलत होता. रोज जागेवर बसवताना केसभर इकडेतिकडे व्हायचा आणि रकान्याची कड धूसर व्हायची. शेवटी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बॉलपेननं चार ठिपके दिले, पट्टा रोज त्यांना जुळवून बांधायचा आणि ठिपके पुसट झाले की पुन्हा गडद करायचे. हे निव्वळ सोयीसाठी होतं. पण एके दिवशी पट्टा सोडून हात धुताना पाहिलं तर संगमेश्वरच्या त्या बाईच्या हातावरच्या पाच ठिपक्यांपैकी चार माझ्या हातावर होते.

शेतात मी बहुतेक दगडांच्या राशीवर बसायचे. मॉरिशसच्या उसात जागोजागी काळ्या दगडांच्या उंच राशी दिसतात. ही जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. ते दगड उचलून, रचून शेत मोकळं करायचं काम मजुरांनी हातानं केलं. बाहेरून आलेल्यांना वाटतं कसलं तरी जुनं देऊळ आहे.

बसून कंटाळा आला की तोडीला हात लावायचे. तिथे तोडणाऱ्या बाया गुडघ्यापर्यंत बूट, पूर्ण बाह्या, हातमोजे, डोक्याला फडकं आणि वर टोपी घालून असतात. उसाचं पान करवतीच्या दात्यांचं, उघडा हात त्यात घातला की ओरखडे निघतात. माझा एक हात उघडा आणि त्यावर काळा पट्टा बांधलेला पाहून त्यांच्यातली वयानं मोठी बाई पहिल्याच दिवशी ओरडली, “की तो पे फेर ला?” काय चाललंय तुझं? मी सांगितलं. खापरपणजी, वही, रकाना, ऊन. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आम्ही आयुष्यभर अंग झाकतो की रापू नये, आणि तू गाडीतून येतेस रापायला.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर ती रोज माझ्यासाठी पाण्याची बाटली सावलीत ठेवायची, पण आपलं मत तिनं बदललं नाही, आणि कामाच्या पत्रकात ते मी तिच्या परवानगीनं जसंच्या तसं छापलं. माझ्या कामावरची ती मला आजही सगळ्यात नेमकी टीका वाटते. ती माझ्या खापरपणजीच्या जास्त जवळची आहे, माझ्यापेक्षा.

हातावर ओरखडे पडले, त्यातले दोन राहिले. आज कोणी माझी नोंद केली तर खुणांच्या रकान्यात लिहायला काहीतरी आहे.

गणपतीपर्यंत रकाना चांगला उठून आला. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि आमच्याकडे सगळी भावंडं, मावश्या, त्यांची पोरं एका घरी जमतात. रात्री जाखडी असते. मधे ढोलकी आणि गाणारा, भोवती फेर, पायात चाळ. शब्दांचा अर्थ नाचणाऱ्या निम्म्या पोरांना कळत नाही. पाय मात्र ठेक्यावर अचूक पडतात. मी त्या रात्री बिनबाह्यांच्या ब्लाउजवर होते. काळ्या हातावर फिका चौकोन आणि कोपऱ्यांवर निळे ठिपके.

आईनं आधीच कपाळाला हात लावून झाला होता. मोठ्या मावशीनं माझा हात धरून जवळ ओढला. काय लागलं? भाजलीस? मी पुन्हा सगळी गोष्ट सांगितली. गोंदलेला हात म्हटल्यावर मावशी म्हणाली, “अगं, तिच्या हातावर मासा होता.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. खापरपणजीला मावशीनं पाहिलेलं असणं शक्य नाही. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी ती गेली. शिवाय ती माझ्या वडिलांकडची, मावशी आईकडची. पण मावशीनं समोरच्या वाटीतलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या चौकोनात मासा काढला. “असा.” दुसरी मावशी लगेच म्हणाली, मासा कुठला, तुळस. मासा पुसून तिनं तुळस काढली. चुलत्यांनी तिथे होडी काढली. एका भाच्यानं इंग्रजीत आपल्या मैत्रिणीचं पहिलं अक्षर काढलं आणि मार खाल्ला. माझ्या एका चुलतभावानं, जो सरकारी हिशेबखात्यात आहे, काही न बोलता क्रमांक लिहिला. आमच्या घराण्याचा तो क्रमांक त्याला तोंडपाठ होता, हे तोवर मला माहीत नव्हतं.

त्या रात्री माझ्या हातात कॅमेरा नव्हता. पण काम काय आहे ते तेव्हा ठरलं. पुढचे काही आठवडे मी घरोघर गेले, हात टेबलावर ठेवला, वरून कॅमेरा लावला आणि विचारलं, तिच्या हातावर काय असेल? चित्रफितीत फक्त माझा हात दिसतो आणि दुसऱ्यांची बोटं. कोणी कुंकवानं काढतं, कोणी काजळानं, कोणी नुसतं पाण्यानं. कापऱ्या बोटांनी काढलेले ठिपके आहेत, नखं रंगवलेल्या बोटांनी काढलेला मोर आहे. काही जण बोट चौकोनावर ठेवून थांबतात आणि काहीच काढत नाहीत. बोलणं क्रिओलमध्ये आहे, अधूनमधून मराठी. प्रत्येक जण ‘असेल’ असं सुरू करतो आणि थोड्या वेळानं ‘होतं’ म्हणायला लागतो. ‘असेल’वरून ‘होतं’वर माणूस कुठे येतो, ती जागा मी संकलनात कुठेही कापली नाही. घराण्याच्या आठवणी बहुधा अशाच तयार होतात, निदान आमच्या तरी.

माझा एक मित्र क्रिओल समाजातला आहे, त्याचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. मॉरिशसमधली गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835ला कायद्यानं संपली आणि तिच्या जागी आमची माणसं आली. त्यानंही हाताकडे पाहिलं. म्हणाला, “तुझ्या माणसांचा करार तरी होता. पाच वर्षांचा का होईना. माझ्यात मागे चालत गेलं की एका ठिकाणी मालकानं ठेवलेलं नाव लागतं आणि रस्ता संपतो.” त्याला चित्रफितीत काही काढायचं नव्हतं. त्यानं चौकोनावर आपला तळवा पालथा ठेवला, तेवढंच आहे. हा भाग ठेवावा की काढावा यावर माझा बराच खल झाला. ‘मराठी वारशाच्या’ कामात तो कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलं. ज्या उसात माझा हात रापला तो आधी त्याच्या माणसांनी लावला. मी तो भाग ठेवला.

पोर्ट लुईमधल्या एका दालनात हे काम मांडलं. भिंतीवर चित्रफीत, टेबलावर उताऱ्याची प्रत, त्यातला क्रमांक झाकलेला. दुसऱ्या भिंतीवर रोज त्याच जागी काढलेले हाताचे फोटो, रकाना उठत जाताना आणि मग फिका पडताना. संध्याकाळी मी स्वतः टेबलाशी बसायचे, हात पुढे करून, शेजारी पाण्याची वाटी आणि कुंचला. ज्यांना काढायचं ते काढत. पाण्याचं चित्र बघता बघता वाळून जायचं.

आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ, मराठीसाठी ज्यांनी आयुष्य वेचलं असे, पूर्ण चित्रफीत बघून माझ्यासमोर येऊन बसले. ते चिडले होते. पोरं आधीच मराठी सोडतायत, त्यांना आपल्याकडे काय आहे ते दाखवायचं सोडून तू रिकामी जागा दाखवतेस, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुळस काढली असती तर पोरांनी ती पाहिली असती आणि पुढे गेली असती. चौकोन पाहून त्यांनी घरी जाऊन आजीला विचारलं. ते म्हणाले, “विचारलं, पण कळलं काय?” मग त्यांनी कुंचला घेतला आणि देवनागरीत एक नाव लिहिलं. कोणाचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गोंदवून घेणार का, हा प्रश्न मला अजून विचारतात. टॅटूवाल्यांनीसुद्धा विचारून झालं. नाही. चार ठिपक्यांचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण ते ठिपके पट्टा बांधायला होते, त्यांना उगाच वंशपरंपरेचा मान द्यायचं माझ्या जिवावर येतं.

उन्हाळा लागला, सगळाच हात रापला आणि चौकोन हळूहळू भोवतालच्या रंगात मिसळून गेला. आता तिरप्या उजेडात डावीकडची एक कड तेवढी दिसते, तीही मला कुठे बघायचं ते माहीत आहे म्हणून. दरम्यान व्हाक्वाला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीनं तिच्या वडिलांकडच्या घराण्याचा उतारा मागवला. दाखले गोळा करायला मी तिच्याबरोबर हिंडले. ओळ सापडली. वय, उंची, जहाज, सगळं आहे. खुणांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. ती मला विचारते आहे, याचं काय करायचं. मी तिला म्हटलं, जून येऊ दे, ऊसतोड सुरू होऊ दे, मग बघू.